निसानची रोग चांगली आहे, रोग फॉरवर्डला जडलाय

"निसान अमेरिकेतून गाशा गुंडाळतेय. सगळे कारखाने बंद. होंडानं कंपनी विकत घेतली. वॉरंटी रद्द, पार्ट मिळणार नाहीत. रिकॉलचं पत्र आलं तरी जाऊ नका, डीलर इंजिन उघडतात आणि बिल लावतात. गिअरबॉक्समध्ये साधं एटीएफ टाकून चालवा आणि येईल त्या किमतीला विका."

हा मेसेज न्यू जर्सीपासून डॅलसपर्यंतच्या मराठी ग्रुपांतून फिरून आता पुण्या-नाशिकच्या आईवडिलांपर्यंत पोचलाय. माझ्या मावसभावानं तो वाचून त्याच्या रोगच्या (निसानची Rogue गाडी) रिकॉलची, म्हणजे सदोष भाग कंपनीनं फुकट दुरुस्त करून देण्याची, अपॉइंटमेंट रद्द केली. म्हणून सुरुवात तिथूनच. (गाडीच्या नावावरचे विनोद सगळे करून झालेत, कृपया नवे पाठवू नका.)

2025 च्या मध्यावर निसाननं अमेरिकेत सुमारे 4 लाख 44 हजार गाड्यांचा रिकॉल जाहीर केला. त्यात 1.5 लिटर तीन सिलिंडर टर्बोवाल्या 2021 ते 2024 च्या रोग, 2.0 लिटर टर्बोच्या 2019-20 च्या अल्टिमा आणि निसानच्याच इन्फिनिटी ब्रँडच्या क्यूएक्स 50, क्यूएक्स 55 येतात. 2.5 लिटरची साधी रोग त्यात नाही.

या गाड्यांतलं व्हीसी-टर्बो इंजिन चालता चालता कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते ते प्रमाण) 8 ते 14 च्या दरम्यान बदलतं. नेहमीच्या इंजिनात पिस्टन कनेक्टिंग रॉडनं थेट क्रँकशाफ्टला जोडलेला असतो. इथं मध्ये जास्तीच्या लिंक आहेत, आणि लिंक वाढल्या की बेअरिंगही वाढतात. त्यातली काही बेअरिंग कारखान्यातूनच सदोष आली. ती झिजली की धातूचा चुरा तेलात उतरतो, इंजिन ठोके देऊ लागतं, ऑइल प्रेशरचा किंवा इंजिनचा दिवा लागतो आणि हायवेवर गाडी दम तोडू शकते. अगदी वाईट वेळ आली तर इंजिन ब्लॉक फुटून गरम तेल बाहेर येतं आणि आगीचा धोका असतो. आणि मेसेजवाला सांगतोय, जाऊ नका!

डीलर "इंजिन उघडतात" म्हणजे काय करतात? ऑइल पॅन उतरवतात, आपले मिस्त्री ज्याला चेंबर म्हणतात ते. त्यात धातूचा चुरा सापडला तर इंजिन दुरुस्त करायचं किंवा बदलायचं. नाही सापडला तर नवं गॅस्केट, नवं तेल, आणि 1.5 लिटरच्या गाडीत इंजिनच्या कंप्युटरचं रिप्रोग्रॅमिंग. या कामाचं बिल शून्य. गाडी पहिल्यांदा विकली गेल्यापासून 15 वर्षांच्या आत रिकॉलची सूचना निघाली असेल तर दुरुस्ती फुकट करून द्यावी लागते, असा अमेरिकेचा केंद्रीय कायदाच आहे. मालक तिसरा असो की चौथा, फरक पडत नाही.

"पण कंपनीच बुडाली तर?" त्याचंही उत्तर कायद्यात लिहिलेलं आहे. अमेरिकी संहितेच्या शीर्षक 49 मधलं कलम 30120-ए म्हणतं की चॅप्टर 11 खाली दिवाळखोरीचा अर्ज केला तरी कंपनीची रिकॉलची जबाबदारी संपत नाही. मेसेजचा अर्धा डोलारा या एका कलमानं कोसळतो. निसाननं तर असा अर्जही केलेला नाही.

साध्या वॉरंटीला मात्र हे कलम लागू नाही, हे मान्य. 3 वर्षं किंवा 36,000 मैलांची मूळ आणि 5 वर्षं किंवा 60,000 मैलांची इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी हा करार आहे. दिवाळखोरीत त्याचं काय करायचं ते कोर्ट ठरवतं. सुझुकीच्या अमेरिकी कंपनीनं नोव्हेंबर 2012 मध्ये चॅप्टर 11 चा अर्ज करून गाड्या विकणं थांबवलं, तेव्हा वॉरंटी आणि पार्ट दोन्ही चालू राहिले. उलट "कायद्यानं दहा वर्षं पार्ट ठेवावेच लागतात" असं जे लोक धीर द्यायला सांगतात, तेही खोटं आहे. असा केंद्रीय कायदा नाही. पार्ट मिळतात कारण लाखो गाड्या रस्त्यावर आहेत आणि ते विकण्यात पैसा आहे. तळेगावच्या जनरल मोटर्सचं आठवा. 2017 अखेर शेवरोलेची भारतातली विक्री थांबली, बीट-क्रूझची सर्व्हिस नाही थांबली. रिसेल मात्र आपटला, आणि मेसेजमधली भीती खरी असेल तर तेवढीच.

होंडा? 23 डिसेंबर 2024 ला बोलणी जाहीर झाली, 13 फेब्रुवारी 2025 ला मोडली. विषय संपला.

कारखान्यांचं अर्धसत्य आहे. कंपनी खरंच अडचणीत आहे. मार्च 2025 ला संपलेल्या वर्षात जवळपास 671 अब्ज येनचा तोटा, 20,000 नोकऱ्यांना कात्री, 17 कारखान्यांचे 10 करायचे. पण जाहीर झालेली नावं जपानमधलं ओप्पामा, मेक्सिकोतला कुएर्नावाकाजवळचा जुना कारखाना अशी आहेत. टेनेसीतलं स्मर्ना आणि मिसिसिपीतलं कँटन त्यात नाही. कॅनडासाठी तीन मॉडेलांचं उत्पादन थांबवलं ते टॅरिफमुळे, आणि चेन्नईच्या कारखान्यातला हिस्सा रेनॉला विकला हा वेगळाच व्यवहार. कोणीतरी या सगळ्याची भेळ केली. 2024 मध्ये अमेरिकेत सव्वानऊ लाखांच्या आसपास गाड्या विकल्या. 2017 मध्ये हाच आकडा सोळा लाखांच्या घरात होता, म्हणजे घसरण मोठी आहे. पण गाशा गुंडाळणं याला म्हणत नाहीत.

राहता राहिलं एटीएफ, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. सीव्हीटीची, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची, बदनामी निसाननं स्वतः कमावली आहे, तिथं मी वकिली करणार नाही. पण त्यात दोन पुलींमध्ये पोलादी पट्टा फिरतो आणि तो घसरू नये हे काम तेलाचं आहे. साधं एटीएफ घातलंत की पट्टा घसरतो, पुली ओरखडतात आणि गिअरबॉक्स गेला. गाडीच्या पुस्तकात एनएस-3 (निसानचं सीव्हीटीचं तेल) लिहिलं असेल तर एनएस-3 च. एका निचऱ्यात जेमतेम निम्मं तेल निघतं, आणि पातळी तपासायची ती तेल ठरलेल्या तापमानाला आल्यावर. गाडी थरथरत असेल तर आधी गाडीच्या कंप्युटरनं नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचून घ्या. पी17एफ1 असेल तर पट्टा तपासतात, तो चांगला असेल तर व्हॉल्व्ह बॉडी (तेलाचा दाब सांभाळणारा भाग) बदलून भागू शकतं. पी17एफ0 म्हणजे बहुधा अख्खा गिअरबॉक्स.

विकायचीच असेल तर विका. पण आधी गाडीचा 17 अक्षरी ओळख क्रमांक, म्हणजे व्हीआयएन, अमेरिकेच्या केंद्रीय रस्ता सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे एनएचटीएसएच्या साइटवर टाका, रिकॉल बाकी असेल तर करून घ्या आणि रिपेअर ऑर्डरची प्रत जपून ठेवा. घेणाराही तोच नंबर टाकून बघणार आहे.