"दाढी होती ना?"

सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून एका पोराचा फोटो फिरतोय. पाण्याचे जार आणतो तो. कुणाची तरी सायकल गेली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी लिहिलं, "हाच. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय." त्याखाली अंगठ्यांची रांग. कुणी विचारलंसुद्धा नाही, कुठून पाहिलं, किती उजेड होता?

संताप झालाय माझा. कारण एकदा मीही असंच "हाच" म्हटलं होतं.

१९९६. आमच्या बोळात आईचं मंगळसूत्र खेचलं. मी अकरा वर्षांची, तिचा हात धरून चाललेली. चौकीत विचारलं, "दाढी होती ना?" तोवर माझ्या डोक्यात दाढी नव्हतीच. मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी समोर एकच फोटो, दाढीवाल्याचा. म्हटलं, हाच.

लॉफ्टस आणि पामर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये लोकांना अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या 'धडकल्या' तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, 'आदळून चक्काचूर झाल्या' तेव्हा किती? आठवड्याने प्रश्न आला, फुटलेली काच पाहिलीत? काच फिल्ममध्ये नव्हतीच. 'चक्काचूर' ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, 'धडकल्या' ऐकलेल्या ५० पैकी ७. एका शब्दाचा फरक. माझा शब्द होता दाढी.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात जेनिफर थॉम्प्सन यांनी बलात्काऱ्याचा चेहरा त्या क्षणीही मुद्दाम मनात साठवला होता. त्यांनी रोनाल्ड कॉटनला ओळखलं. तो दहा वर्षं तुरुंगात राहिला, १९९५ मध्ये डीएनए तपासणीने सुटला. खरा गुन्हेगार, बॉबी पूल, मध्यंतरी कोर्टात त्यांच्यासमोर उभा केला होता. त्यांनी त्याला ओळखलं नाही! बाई खोटं बोलत नव्हती हो. खोटारडा उलटतपासणीत सापडतो. मनापासून चुकणाऱ्याला कसं पकडणार?

साक्षीदारांशिवाय कित्येक गुन्हेगार सुटतील, कबूल. पण मग ओळख परेड तरी नीट करा. आपल्याकडे ती दंडाधिकाऱ्यांसमोर, पोलिसांना दूर ठेवून घेतात, ते उगाच नाही. आधीच फोटो दाखवला की साक्षीदार चोराला नाही, फोटोला ओळखतो. आणि इथे तर फोटो अख्ख्या सोसायटीला दाखवून झालाय.

काकू वाईट नाहीत. जिन्यात कुणीतरी दिसलं असेलच त्यांना. पण तो फोटो काढा, आत्ता.

आमचा दाढीवाला त्या संध्याकाळी बेकरीत भट्टीवर होता. हे सिद्ध व्हायला तीन महिने गेले, तेवढे दिवस तो आत.

गेल्या वर्षी आई सहज म्हणाली, "दाढी होती बघ मेल्याला." तिने तर त्याला फक्त पाठमोरा पाहिला होता.