‘अणूइतक्या पातळ चुंबका’चा मेसेज: 45 अंश, पण कुठले?

खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: शास्त्रज्ञांनी एका अणूच्या जाडीचं ‘ग्राफिन चुंबक’ शोधलंय, ते 45 अंशांपर्यंत टिकतं, जितकं पातळ तितकं जोरदार, त्याची पट्टी बोअरच्या पाइपाला उत्तर-दक्षिण बांधली की खारं पाणी गोडं होतं, दोन पट्ट्या बांधल्या तर परिणाम दुप्पट. खाली किंमत आणि मोबाइल नंबर. आमच्या गावात काहींनी ती बांधलीसुद्धा, म्हणून हे लिहितोय.

शोध खरा आहे, आणि माणूस फसतो तो त्यामुळेच. 2017 साली दोन संशोधक गटांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की अतिपातळ थरही चुंबक राहू शकतो. एका गटाकडे क्रोमियम ट्रायआयोडाइडचा एकच थर होता, दुसऱ्याकडे क्रोमियम-जर्मेनियम-टेलुरियमचे दोन. पण ‘थर’ म्हणजे एक अणू नव्हे. ट्रायआयोडाइडमध्ये मधोमध क्रोमियमची जाळी आणि तिच्या वर-खाली आयोडीन असतं. ग्राफिन म्हणजे कार्बनचा एका अणूच्या जाडीचा थर. त्याचा इथला संबंध मुख्यतः सोलण्याच्या पद्धतीपुरता: चिकटपट्टीने थर सुटा करायची जी युक्ती 2004 साली मँचेस्टरच्या ग्राफिनमुळे गाजली, तीच इथे कामी आली. साधं ग्राफिन काही चुंबक नाही.

आता ते 45 अंश. आकडा बरोबर आहे, ट्रायआयोडाइडच्या एकट्या थराचा; पण तो केल्विनमधला. केल्विन हे शास्त्रज्ञांचं तापमानाचं माप, त्याचं शून्य उणे 273 सेल्सिअसला. 45 केल्विन म्हणजे उणे 228 अंश सेल्सिअस. द्रवरूप नायट्रोजन उणे 196ला उकळतो, हे त्याच्याही खालचं. मे महिन्यात अकोल्यात पारा 45वर जातो तेव्हा केल्विनमध्ये तो 318 असतो. तिथे या थराचं चुंबकत्व कधीच विरून गेलेलं असतं.

‘जितकं पातळ तितकं जोरदार’ हे तर साफ उलटं आहे. याच पदार्थाचा जाड स्फटिक 61 केल्विनपर्यंत चुंबक राहतो, एकटा थर 45पर्यंतच. यामागचं कारण मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात सुंदर वाटतं, म्हणून जरा थांबतो.

चुंबकात प्रत्येक अणूचं बारकं चुंबक शेजाऱ्याकडे बघून एका दिशेला तोंड करतं. ठोकळ्यात त्याला वर-खाली, आजूबाजूला सगळीकडून शेजारी असतात. थरात वरचे आणि खालचे गेले. अशा सपाट थरात अणूंना सगळ्या दिशा सारख्याच असतील, तर थोडीशी उष्णतासुद्धा ती रांग मोडते. मर्मिन आणि वाग्नर या भौतिकशास्त्रज्ञांनी 1966मध्ये हे गणिताने सिद्ध केलं. पण त्यातला ‘सगळ्या दिशा सारख्या असतील तर’ हा भाग महत्त्वाचा. पावसात काळ्या मातीत पडून नंतर वाळलेली चाकोरी आठवा. बंडीचं चाक तिच्यात पुढे जाईल, मागे येईल, पण आडवं काढायचं तर बैलांचा दम निघतो. अणूच्या चुंबकाला अशी ठरावीक दिशा मिळाली की त्याला म्हणायचं मॅग्नेटिक अ‍ॅनिसोट्रॉपी. ऑनसागर या शास्त्रज्ञाने 1944मध्येच दाखवलं होतं की फक्त दोनच दिशांची मुभा असेल तर सपाट जाळीतही रांग टिकते. ट्रायआयोडाइडमध्ये ही दिशा थराला काटकोनात आहे, आणि ती पक्की होते मुख्यतः जड आयोडीनमुळे.

म्हणजे पकड आहे ती स्फटिकाच्या आतल्या दिशेची. पाइपाला उत्तर-दक्षिण बांधण्याशी तिचा काडीचा संबंध नाही.

‘दोन बांधा, दुप्पट मिळवा’ वाचून तर हसूच आलं. ट्रायआयोडाइडचे दोन थर सोलून काढले की एकाचं तोंड वर, दुसऱ्याचं खाली. बेरीज शून्य! बाहेरून चांगलं चुंबकीय क्षेत्र लावल्याशिवाय ते एका बाजूला वळत नाहीत. शिवाय हा पदार्थ दमट हवेत लगेच खराब होतो. प्रयोगशाळेत तो नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेल्या बंद पेटीत हाताळतात. बोअरवर कसा टिकणार, बाप्पा?

कुणी म्हणेल, आता सुधारणा झाली असेल. झाली आहे. लोह-गॅलियम-टेलुरियमचा 2022मध्ये पुढे आलेला स्फटिक खोलीच्या तापमानालाही चुंबक राहतो. पण सोलल्यावर हाती येतात ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे तुकडे, आणि त्यांचा विचार चाललाय तो संगणकाच्या मेमरीसाठी.

मग पाइपावरची पट्टी कशाची? एकाची सोडून आणली आणि ब्लेडने खरवडली. काळी, लवचिक, रबरासारखी; टाचणी चिकटते, पण मध्ये जाड पुठ्ठा धरला की सुटते. फ्रिजच्या दाराच्या रबरात असते तसलीच फेराइटची, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडपासून केलेल्या साध्या चुंबकाची, पट्टी दिसते ती. गावातल्या आरओ प्लँटवाल्याचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घेऊन पट्टीच्या आधीच्या आणि नंतरच्या कॉकचं पाणी मोजलं. आकडा हलला नाही.

हलणार तरी कसा? आरओमध्ये क्षार वेगळे होतात तेव्हा एका नळीतून गोडं पाणी येतं आणि दुसरीतून जास्त खारं पाणी बाहेर पडतं. पट्टीला दुसरी नळीच नाही. क्षार गेले म्हणता, तर गेले कुठे? चुंबकामुळे पाइपात बसणाऱ्या चुन्याच्या थरात फरक पडतो का, यावर प्रयोग झालेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. पण चुन्याचा थर ही एक गोष्ट, पाण्यात विरघळलेलं मीठ ही दुसरी.

पूर्णेच्या खोऱ्यातलं आपलं दुखणं सोडियमचं आहे. त्यासाठी आधी माती आणि पाणी तपासून घ्या, अहवालाप्रमाणे जिप्सम टाका, आणि सुटलेला सोडियम खाली धुऊन जायला शेततळ्यातलं पावसाचं पाणी आणि निचऱ्याचे चर लागतील. पट्टी बांधलेल्यांनी निदान एकदा टीडीएस मीटर लावून बघावा. आणि विकणारा पुन्हा आला तर 45च्या पुढे केल्विन की सेल्सिअस, हे त्यालाच विचारावं.