रायबागन फितूर नव्हती : उंबरखिंडीच्या मेसेजला उत्तर

माझी पुतणी आठवीत आहे. शिवजयंतीच्या भाषणासाठी तिनं महाराजांची मोगलांशी झालेली उंबरखिंडीची लढाई निवडली आणि परवा रात्री मला विचारलं, "काका, आपण माहूरचे. म्हणजे गद्दारांच्या गावचे का?" तिच्या मोबाईलवर तो मेसेज होता, जो आठवडाभर नांदेडच्या ग्रुपांवर फिरतोय. मलाही तीन जणांनी पाठवला, त्यात एक शिक्षक आहेत.

मेसेज म्हणतो : उंबरखिंडीत महाराजांनी शाहिस्तेखानाला गाठून त्याची बोटं छाटली. मोगलांचा एकही माणूस जिवंत सुटला नाही. ही सरळसरळ हिंदू विरुद्ध मुसलमान अशी लढाई होती. आणि माहूरची सरदारीण रायबागन आधी मोगलांना विकली गेली, मग आतून फितूर होऊन तिनंच त्यांची फौज मुद्दाम खिंडीत नेली.

बोटं तुटली ती पुण्यात, लाल महालात, एप्रिल 1663 मध्ये. उंबरखिंड झाली फेब्रुवारी 1661 मध्ये. तेव्हा शाहिस्तेखान पुण्यातच होता. कोकण घ्यायला त्यानं आपल्या कारतलबखान या सरदाराला धाडलं होतं. यावर आणखी शब्द घालवत नाही.

हिंदू-मुसलमान म्हणाल, तर कारतलबखानाच्या सरदारांची नावं वाचा. त्यात चव्हाण आहेत, गाढे आहेत, कोकाटे आहेत, जाधव आहेत. आमची रायबागन तर आहेच.

आता तिच्याबद्दल. ही नावं आणि पुढचं सगळं मी कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'वरून सांगतोय. नेवाशाचा हा कवी महाराजांच्याच पदरी होता. त्याचं संस्कृत काव्य दिवेकरांनी 1927 मध्ये मराठी भाषांतरासह छापलं. महाराजांची थोरवी गाणाऱ्या या कवीला मोगलांच्या बाजूच्या बाईची भलामण करायचं काहीच कारण नव्हतं.

तो सांगतो ते असं. कारतलबखान लोणावळ्याजवळून कुरवंड्याच्या घाटानं खाली उतरला. वाट एवढी अरुंद की फौजेची लांबच लांब रांग झाली. दोन्ही अंगांना उंच डोंगर, दाट रान, वारा नाही, माणसं तहानेनं कासावीस. मी खिंडीजवळच्या चावणी गावाला गेलो तेव्हा अंबा नदीच्या पात्रात उभं राहून वर पाहिलं. अशा जागी घोडदळाला फळी धरायला जागाच नाही. पुढचा थांबला तरी मागचा रेटत राहतो, आणि ओझ्याची जनावरं वळवता येत नाहीत. महाराजांनी माणसं आधीच रानात पेरली होती. बंदुका, बाण, दगड असा मारा सुरू झाला तेव्हा पुढची वाट बंद होती आणि मागचीही.

या कोंडीत खान रायबागनला विचारतो, आता काय करू? ती त्याला सुनावते. शिवाजीच्या मुलखात, या रानात तू फौज घेऊन शिरलास हेच चुकलं. आता शरण जा आणि स्वतःला नि फौजेला मरणातून सोडव. जी बाई मुद्दाम फौज खिंडीत नेते, ती खानाला तोंडावर 'तू इथं शिरलास ही तुझी चूक' असं म्हणेल का? ती स्वतःही त्याच कोंडीत, त्याच फौजेत होती. महाराजांशी तिचं आधीच संधान होतं, असं परमानंद कुठंही म्हणत नाही. असतं तर आपल्या राजाची ती करामत त्यानं अभिमानानं लिहिली असती.

शरण जायचा सल्ला तिनं दिला, एवढं मेसेजमधलं खरं. ती मोगलांच्या चाकरीत होती, हेही मला मान्य करावं लागतं. पण विकली गेली म्हणजे काय? तिच्या सासरचं राजे उदाराम घराणं जहांगीराच्या काळापासून मोगल मनसबदार होतं. तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्मही झाला नव्हता. तिनं सोडलं असं कुठलं स्वराज्य होतं?

आणि 'एकही जिवंत सुटला नाही' हे तर महाराजांवरच बालंट आहे. खानानं वकील पाठवला, जवळचं सगळं देऊ केलं, आणि महाराजांनी अभय दिलं. फौज सामान टाकून जिवंत परत गेली. उरलेल्यांवर नजर ठेवायला नेताजी पालकरांना मागं ठेवून महाराज कोकणात उतरले. कोंडलेल्या शत्रूला महाराजांनी सोडून दिलं, ते पोरांना सांगायचं सोडून आपण त्यांना रक्ताची नदी का ऐकवतोय?

पुतणीनं भाषणातला तो परिच्छेद काढलाय. त्या जागी रायबागननं खानाला काय सुनावलं ते स्वतःच्या शब्दांत लिहिलंय. बोटांची ओळ मात्र तिच्या मैत्रिणीच्या भाषणात अजून आहे, आणि ते भाषण त्याच शिक्षकांनी लिहून दिलंय. उद्या मी त्यांच्याकडे जाणार आहे, पुस्तक घेऊन.