अंगठा उमटत नाही, म्हणून केसपेपर नाही!

काल धुळ्याला आईला डोळे दाखवायला नेलं आणि डोक्याचा पार भुगा झाला. केसपेपरच्या खिडकीवर म्हणे आधी आभा काढा, म्हणजे सरकारचा तो आरोग्याचा ओळख क्रमांक. आधारला नंबर भावाचा, भाऊ सुरतला कामावर, फोन उचलेना. ओटीपी घेणार कोण? मग अंगठा लावा. लावला, लाल दिवा. पदराला पुसून लावला, लाल दिवा. सगळी बोटं झाली, तरी तो पोरगा म्हणतो, "आजी, नीट दाबा ना!" अरे, जन्मभर कापूस वेचलेली बोटं आहेत ती! बोंडांच्या वाळल्या टोकांनी चिरलेली, राखेने भांडी घासून झिजलेली. रेघाच उरल्या नाहीत तर उमटणार काय? आई मला अहिराणीत विचारते, "मना आंगठा मनाच नही का रे?" म्हणजे, माझा अंगठा माझाच नाही का रे? मागची रांग तिच्यावरच खेकसतेय. शेवटी बिनातपासणीचं घरी आलो.

आणि आभा ऐच्छिक आहे, सरकारच सांगतं! मग खिडकीवर सक्ती कोणी केली? मोतीबिंदूवाल्या बाईला बारीक इंग्रजी अक्षरांच्या स्क्रीनपुढे उभं करताना लाज कशी वाटत नाही? अहिराणी सोडा, त्या स्क्रीनवर धड मराठीही नव्हतं. नंदुरबारकडच्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर रेंज नाही, पावरी ही आदिवासी बोली बोलणारी माणसं, तिथे सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे रुग्ण. त्यांनी हे आभाचं ॲप चालवायचं कसं?

यंत्र आमच्या माणसांवर चुकतं हे काही नवं नाही; कोरोनातलं तर अजून डोक्यात आहे. ऑक्सिमीटरवर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायच्या यंत्रावर, ९४ च्या वर आकडा दिसला की घरी पाठवायचे. ते यंत्र काळ्या कातडीवर ऑक्सिजन खरा असतो त्यापेक्षा जास्त दाखवू शकतं. हे १९९० मध्येच एका अभ्यासात निघालं होतं! २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेतून पुन्हा छापून आलं: यंत्रावर ९२ ते ९६, पण रक्तात ८८ च्याही खाली, असं कृष्णवर्णीयांच्या ११.७ टक्के तपासण्यांत, गोऱ्यांच्या ३.६ टक्के. तीस वर्षं झोपले होते का सगळे? आमच्याकडे उन्हात राबणारी माणसं कोणत्या रंगाची असतात, हे कोणी बघितलंच नाही.

यंत्र बनवणाऱ्यांनो, ते आधी अमळनेरच्या कापसाच्या शेतात आणा, धडगावच्या बाजारात आणा, तिथल्या बोटांवर लावून बघा. चाललं तरच विका. आणि तोवर खिडकीवर वही-पेन ठेवा. नाव, गाव, वय, काय होतंय, एवढंच तर लिहायचंय.

सोमवारी आईला घेऊन परत जातोय. केसपेपर हाताने लिहून घेतल्याशिवाय खिडकी सोडणार नाही.