अणुभट्टीच्या 'वाया जाणाऱ्या' उष्णतेत किती दम आहे?

सध्या एक संदेश सगळीकडे फिरतोय. म्हणणं असं: अणुभट्टीतली दोन-तृतीयांश उष्णता समुद्रात ओतून वाया घालवतात. ती वापरली तर समुद्राचं पाणी फुकटात गोडं होईल आणि कागदापासून पोलादापर्यंत सगळे कारखाने तिच्यावर चालतील, पण जगात कुणी हे करूनच पाहिलेलं नाही. संदेश अणुऊर्जेच्या बाजूचा आहे आणि मीही त्याच बाजूचा. म्हणूनच गप्प बसवेना.

दोन-तृतीयांश हा आकडा बरोबर आहे. ३००० मेगावॉट उष्णता देणारी भट्टी साधारण १००० मेगावॉट वीज देते, बाकीची उष्णता कंडेन्सरमधून, म्हणजे वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्रातून, बाहेर पडते. पण ती कशी असते ते बघा. टर्बाइनमधून सुटलेली वाफ कंडेन्सरच्या नळ्यांवर येते तेव्हा आत जवळजवळ निर्वात असतं आणि वाफेचं तापमान असतं जेमतेम ३५-४० अंश. नळ्यांतून वाहणारं समुद्राचं पाणी सात-आठ अंशांनी तापून परत जातं. हात घातला तर कोमट लागेल, बस. उष्णता अफाट आहे, पण तिच्यात धग नाही.

समुद्राचं पाणी वाफ करून गोडं करायच्या ज्या पद्धती मोठ्या प्रमाणावर चालतात, त्यांतल्या एकीला ६५-७० अंश लागतात, दुसरीला ९० ते १२०. म्हणजे वाफ टर्बाइनच्या मध्येच, ती गरम असताना काढून घ्यावी लागते. त्या वाफेने पुढे जी वीज केली असती, ती गेली. हीच त्या पाण्याची किंमत! आरओने, म्हणजे पाणी दाबाने बारीक पडद्यातून गाळून, एक घनमीटर पाणी गोडं करायला साधारण ३-४ युनिट वीज पुरते. त्यामुळे वाफ काढायची की वीजच आरओला द्यायची, हा हिशेब प्रत्येक ठिकाणी नव्याने मांडावा लागतो, आणि बरेचदा आरओच स्वस्त पडतो. कोमट पाण्याचा खरा उपयोगही तिथेच आहे, आणि संदेशात नेमका तोच नाही. पाणी थोडं तापलेलं असलं की त्याच दाबाला आरओच्या पडद्यातून जास्त पाणी झिरपतं.

पोलादाचं म्हणाल तर लोखंड वितळायला १५०० अंशांच्या आसपास जावं लागतं. पाण्याने थंड होणाऱ्या नेहमीच्या भट्ट्यांची वाफ ३०० अंशांच्याही आतच थांबते. चीनमध्ये डिसेंबर २०२३ पासून व्यावसायिकरीत्या चालणारी, पाण्याऐवजी हेलियम वायूने थंड होणारी भट्टी तो वायू ७५० अंशांपर्यंत तापवते. रसायन उद्योगासाठी ते मोठं पाऊल आहे, पण पोलाद तिथूनही लांबच.

'कुणी करूनच पाहिलेलं नाही' हे तर साफ खोटं आहे, आणि सगळ्यात जास्त राग मला याचाच येतो. कझाकस्तानात कास्पियनच्या काठावरच्या अक्ताऊ शहरात बीएन-३५० ही भट्टी १९७३ ते १९९९ चालली. वाळवंटातल्या त्या शहराला तिने वीजही दिली आणि समुद्राचं पाणी गोडं करायला उष्णताही. आपल्याकडे कल्पाक्कमला दिवसाला ६३०० घनमीटर क्षमतेचा प्रकल्प उभा राहिला: ४५०० अणुवीज केंद्राच्या वाफेवर, १८०० आरओवर. स्वित्झर्लंडमध्ये ग्योसगेनच्या केंद्रातून शेजारच्या पुठ्ठ्याच्या कारखान्याला १९७९ पासून उष्णता मिळते. तिथे केंद्राची वाफ थेट कारखान्यात जात नाही. ती वेगळ्या नळ्यांतलं दुसरं पाणी तापवते, आणि त्या पाण्याची वाफ पाइपातून पुठ्ठा वाळवायला जाते.

इतक्या लोकांनी वर्षानुवर्षं राबून उभं केलेलं काम एका वाक्यात पुसू नका. संदेश पुढे पाठवायचाच असेल तर 'फुकट' खोडा, आणि 'कुणी करूनच पाहिलेलं नाही'च्या जागी अक्ताऊ, कल्पाक्कम आणि ग्योसगेन ही नावं लिहा.