ठसा सापडला म्हणजे चोर सापडला?

घरफोडी झाली की आमच्या भुसावळकडच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास परत येतो: ‘बोटांच्या ठशांचं तंत्र स्कॉटलंड यार्डने 1901 मध्ये शोधलं. ठसा खोटं बोलत नाही. आधारमध्ये सगळ्यांचे ठसे आहेत, पोलिसांनी मनावर घेतलं तर चोर दहा मिनिटांत सापडेल.’ परवा आमच्या एका नानांनी तो पाठवून खाली ‘एकदम बरोबर’ लिहिलं, म्हणून हे.

1901 साल खरं, पण शोधाचं नाही. त्या वर्षी लंडनला, म्हणजे तिथल्या पोलिसांच्या स्कॉटलंड यार्डमध्ये, ठशांचा विभाग उघडला. कलकत्त्यात तो 1897 पासून चालू होता. ठशांच्या हजारो कागदांतून हवा तो कागद काढायचा कसा, हा खरा पेच होता. आपल्याकडे पोरांच्या बोटांवरची शंख-चक्रं मोजतातच. चक्र कुठल्या बोटावर आहे, यावरून अझीझुल हक या फौजदारांनी 32 गुणिले 32, म्हणजे 1024 खणांची मांडणी बसवली. हेमचंद्र बोस त्यांच्या जोडीला होते. पद्धतीला नाव मात्र त्यांच्या साहेबाचं, बंगालचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांचं.

आता ‘खोटं बोलत नाही’. जलपायगुडीच्या चहामळ्यात मॅनेजरचा गळा चिरला गेला. तिथल्या बंगाली पंचांगावर रक्ताळलेला अंगठा उमटला होता, तो जुन्या नोकराच्या ठशाशी जुळला. 1898 मध्ये त्याला शिक्षा झाली ती चोरीची. खुनातून तो सुटला. अंगठा पंचांगाला लागला एवढंच सिद्ध झालं होतं, सुरी कुणी चालवली हे नाही. आणि जुळवणारा माणूस चुकतोच: 2004 च्या माद्रिद स्फोटांत एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेने तिथल्याच एका वकिलाला धरलं, ठसा निघाला दुसऱ्याचा.

राहिलं आधार. 2016 च्या आधार कायद्याचं कलम 29 सांगतं की बोटांचे ठसे कुणालाही द्यायचे नाहीत. पोलीस शोधतात ते अटक झालेल्यांच्या आणि शिक्षा झालेल्यांच्या नोंदींत. पहिल्यांदाच चोरी करणारा तिथे सापडणार कसा?

कायदा बाजूला ठेवा. कापूस वेचून वेचून गुळगुळीत झालेला आमच्या आजीचा अंगठा रेशन दुकानातल्या मशीनवर चार-चारदा दाबूनही जुळत नाही. तिथे आजी समोर उभी असते, आणि ताडायचं असतं एकट्या तिच्याच नोंदीशी. कपाटाच्या कडीवरचा अर्धामुर्धा, पुसट ठसा शंभर कोटींहून जास्त लोकांशी दहा मिनिटांत कसा ताडायचा, ते नानांनी सांगावं.