वाफेचा हिशेब

चंद्रपूरच्या माझ्या जुन्या मित्रमंडळींत सध्या एक वाद चालू आहे. औष्णिक वीज केंद्राच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड रसायनात पकडण्याचे तंत्र म्हणजे विजेची निव्वळ नासाडी, असे त्यांच्यातल्या बहुतेकांचे मत आहे, आणि पुरावा म्हणून ते मी राहतो त्या कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताकडे बोट दाखवतात. ‘कॅनडावाल्यांनी करून पाहिले आणि पस्तावले’ हे वाक्य मी इतक्यांदा वाचले आहे की त्याला सविस्तर उत्तर देणे मला भाग आहे.

ते ज्याचा दाखला देतात तो एस्टेवानजवळच्या बाउंडरी डॅम केंद्राचा संच क्रमांक 3 ऑक्टोबर 2014 मध्ये या यंत्रणेसह सुरू झाला. संच सुमारे 160 मेगावॅट वीज निर्माण करतो आणि ग्रिडला त्यातली 115 च्या आसपासच मिळते. हा आकडा खरा आहे आणि तो मी लपवणार नाही. माझे म्हणणे एवढेच की हा फरक कुठे जातो हे पाहिल्याशिवाय त्यावर निकाल देऊ नये.

त्यातला काही भाग कोणत्याही केंद्राला लागतोच, काही कॉम्प्रेसर आणि पंख्यांना लागतो, आणि मोठा वाटा वाफेचा असतो. अमाइन या कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या रसायनाचे द्रावण 40 अंशांच्या आसपास वायू शोषून घेते, पण तो सोडायला लावण्यासाठी त्याला सुमारे 120 अंशांपर्यंत तापवावे लागते, आणि त्यासाठी टर्बाइन फिरवू शकली असती अशी वाफ मधूनच काढून रीबॉइलरकडे, म्हणजे द्रावण तापवणाऱ्या पात्राकडे, वळवावी लागते. तिथे ती तीन कामांवर खर्च होते: वायू आणि अमाइन यांचा रासायनिक बंध तोडणे, द्रावणातले पाणी तापवणे, आणि वायूबरोबर वर निघून जाणारी पाण्याची वाफ तयार करणे. तिन्हींवर उपाय आहेत. सौम्य बंध जोडणारी अमाइनची मिश्रणे पहिला खर्च कमी करतात. अधिक संहत द्रावण आणि मोठा उष्णता-विनिमयक दुसरा घटवतात. थंड द्रावणाचा एक प्रवाह स्ट्रिपरच्या, म्हणजे द्रावणातून वायू सोडवणाऱ्या मनोऱ्याच्या, माथ्यावर सोडला की निसटणारी वाफ तिथेच आपली उष्णता परत देते. एक टन वायू सोडवायला मोनोइथेनॉलअमाइन या जुन्या अमाइनला साडेतीन गिगाज्यूलहून अधिक उष्णता लागे, तर नव्या मिश्रणांना अडीचच्या आसपास पुरते. एक टन वायू वेगळा करून तो वाहून नेणाऱ्या नळवाहिनीच्या दाबापर्यंत नेण्यास निसर्गनियमाने किमान सुमारे 110 युनिट वीज लागते, आणि आज प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट किंवा अधिक जाते. म्हणजे सुधारणेला अजून बरीच जागा आहे, आणि ‘नासाडी’ म्हणणारे नेमक्या याच जागेकडे पाहत नाहीत.

पस्तावल्याचे म्हणाल, तर इथल्याच शँड केंद्रासाठी 2018 मध्ये झालेल्या अभ्यासात दर टनामागचा भांडवली खर्च 67 टक्के कमी होईल असे निघाले, आणि धुरातलेच पाणी थंड करून वापरल्यास बाहेरून जादा पाणी घ्यावे लागणार नाही अशी आखणीही त्यात होती. इरई धरणाच्या पाण्यावर 2920 मेगावॅटचे केंद्र चालवणाऱ्या गावाने हा अभ्यास वाचायला हवा. बाउंडरी डॅमने वायू पकडण्याचे ठरलेले लक्ष्य अनेकदा गाठले नाही हेही खरे आहे, पण त्याचे एक मोठे कारण होते धुरातली राख. ती वायू शोषणाऱ्या मनोऱ्यात साचली आणि अमाइन लवकर खराब झाले.

इथेच माझा राग उफाळतो. आपल्या कोळशात राख तीस-चाळीस टक्के असते. सल्फर डायऑक्साइड अमाइनशी असे क्षार बनवतो की रीबॉइलरची उष्णताही ते तोडू शकत नाही, म्हणून धूर अमाइनपर्यंत येण्याआधी तो जवळजवळ पूर्ण काढावा लागतो. एस्टेवानला तो वेगळा काढून त्याचे सल्फ्युरिक आम्ल करतात. आणि आपल्याकडे 2015 मध्ये जाहीर झालेल्या सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादांतून, म्हणजेच गंधक काढणाऱ्या यंत्रणेच्या सक्तीतून, जुलै 2025 मध्ये देशातल्या सुमारे 78 टक्के संचांना मोकळीक मिळाली. त्यावर माझ्या मित्रमंडळींत एकही ओळ लिहिली गेली नाही. पहिली पायरीच नाकारायची आणि वरच्या मजल्याच्या खर्चावर वाद घालायचा, याला मी अभियांत्रिकी चर्चा म्हणत नाही. कुवत नाही असे तर मुळीच नाही: आयआयटी खरगपूरच्या तरुणांनी उभारलेल्या कंपनीच्या द्रावकावर तुतिकोरिनच्या रसायन कारखान्यात 2016 पासून कोळशाच्या बॉयलरचा वायू पकडून सोडा अॅश बनवला गेला.

‘तू तिथे बसून आम्हाला शिकवू नकोस’, असे मला ऐकवले गेले, आणि ते मला लागले. दरडोई उत्सर्जनात माझा हा प्रांत कॅनडात अगदी वरच्या क्रमांकांवर आहे. उणे तीसमध्ये गाडीचे इंजिन गरम ठेवणारा ब्लॉक हीटर लावून मी जी वीज जाळतो तीही बरीचशी कोळशाची आणि नैसर्गिक वायूचीच असते, आणि इथे पकडलेला कार्बन बव्हंशी तेलविहिरींत सोडून तेल उपसायलाच विकला जातो. चंद्रपूरच्या मे महिन्यात धूर चाळीस अंशांपर्यंत थंड करणे इथल्यापेक्षा किती कठीण आहे, हेही मी जाणतो. तरी वाळत घातलेल्या कपड्यांवरची राख झटकत मी वाढलो, त्या धुराबद्दल बोलण्याचा माझा हक्क रेजायनाच्या पत्त्यामुळे संपला असे मला मान्य नाही. इथल्या बैठकांत मी ‘भारतातला माणूस’ असतो आणि तिथल्या वादात ‘कॅनडावाला’. दोन्हीकडे माझे आकडे ऐकण्याआधी माझा पत्ता विचारला जातो. मित्रांनी या तंत्राला विरोध जरूर करावा, पण आधी आपल्या संचातली गंधक काढण्याची यंत्रणा का टळली, हे महाजनकोला लेखी विचारावे; त्या पत्रावर सही करायला मी तयार आहे.